मधुमेही मुले आणि आपण



आम्ही डॉक्टर नव्हे, बँकेतले कारकून. पण हे बोललेच पाहिजे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला इन्शुलिन टोचले आणि मरणपंथाला लागलेला मुलगा जगला. मुलांचा हा टाइप १ मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही. शरीरच इन्शुलिन बनविणाऱ्या पेशी नष्ट करते. तरी आपण आईला बोल लावतो, लग्नाच्या काळजीने मुलीचे दुखणे लपवितो. लपविण्याच्या नादात इंजेक्शन चुकते, आणि तेच जिवावर बेतते.

वर्गमित्राला घाम फुटला, हात थरथरू लागले तर तो शुद्धीत असताना लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. बेशुद्ध असल्यास तोंडात काही न घालता तडक दवाखाना गाठावा. घरी फ्रीज नसेल तर इन्शुलिन शेजाऱ्यांकडे ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात मात्र नको.