जुनी झालेली नवी मोटार



मोटारीच्या दुरुस्तीवर एका शाळामास्तराने बोलायला बसावे, याचे तुमच्यापैकी काहींना नवल वाटेल. पण आज खेड्यापाड्यांतून ज्या मोटारी दिसतात, त्यांतल्या पुष्कळशा शहरात दहा वर्षे राबून मग आपल्याकडे आलेल्या असतात. शहरातला माणूस विकतो तेव्हा ती जुनी असते. आपल्या दारात येऊन उभी राहते तेव्हा आपण तिला हळदकुंकू लावतो, म्हणजे आपल्या लेखी ती नवीच असते. माझ्याकडची मोटार अशीच आहे. पेट्रोलवर चालणारी, २०१४ सालची. आमच्या गावापासून ग्रामीण रुग्णालय बावीस किलोमीटरवर आहे, आणि मध्ये घाट आहे. रात्री-अपरात्री कुणाला न्यायचे झाले, तर आळीतला माणूस आमच्याच अंगणात येऊन हाक मारतो. तेव्हा ही मोटार बिघडणे ही माझ्या एकट्याची अडचण राहत नाही.

अशी मोटार घरी दुरुस्त करायला बसले की माणूस इतका का वैतागतो, आणि त्या वैतागातून वाट कशी काढावी, एवढेच आज सांगायचे आहे.

आधी जुन्या मोटारीची गोष्ट घेऊ. अँबॅसडर आठवते ना? २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. तिचे बॉनेट उघडले की आत माणूस वाकून उभा राहील एवढी मोकळी जागा. कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकला, तर जेट काढावे, फुंकर मारावी आणि परत बसवावे. पॉइंट काळे पडले, तर घासून साफ करावेत. बिघाड डोळ्यांना दिसत होता, कानांना ऐकू येत होता, बोटांना लागत होता. चार पाने, एक पक्कड आणि एक स्क्रू-ड्रायव्हर एवढ्या भांडवलावर माणूस घरी परत येत असे.

पण म्हणून तो काळ सुखाचा होता असे मात्र समजू नका. ती मोटार वरचेवर हात मागत असे. धूर ओकत असे. पावसाळ्याच्या सकाळी सुरू व्हायला ढकलणारी चार पोरे लागत. नव्या मोटारीने हा जाच संपवला. आपल्याकडे २००० सालाच्या सुमारास मोटारींतून कार्ब्युरेटर जाऊ लागला आणि इंजेक्शनची पद्धत आली. किती पेट्रोल सोडायचे आणि ठिणगी केव्हा टाकायची, हे आता एक छोटा संगणक ठरवतो. मिस्त्री लोक त्याला 'ईसीएम' म्हणतात. त्याला डोळे-कान हवेत, म्हणून जागोजागी सेन्सर बसवलेले असतात. एक आत येणारी हवा मोजतो, एक पाण्याची उष्णता सांगतो, एक धुराड्यात बसून जळून गेलेल्या वायूत प्राणवायू किती उरला ते कळवतो. या सर्वांमुळे धूर कमी झाला आणि मोटार वर्षानुवर्षे कुरकुर न करता चालू लागली.

मग गाडे अडते कोठे? ते अडते वयापाशी. संगणक सहसा लवकर म्हातारा होत नाही. म्हातारे होते ते त्याच्या भोवतालचे रबर, प्लॅस्टिक आणि तारा. इंजिनच्या उष्णतेने रबरी पाइप कडक होऊन तडकतात. तारांच्या जोडांत दमट हवा शिरते आणि हिरवा गंज चढतो. उंदीर तारा कुरतडतात. दुखणे असते दोन बोटांच्या रबराचे, आणि तक्रार येते संगणकाकडून. इथेच माणूस फसतो.

मी कसा फसलो ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर मोटार उभ्या जागी थरथरू लागली. सिग्नलला, फाटकाला थांबलो की आता बंद पडेल असे वाटे. वेग घेतला की ठीक चाले. समोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. स्टिअरिंगच्या खाली सोळा टोचण्यांचे एक सॉकेट असते, त्यात छोटेसे यंत्र खोचले की मोबाइलवर बिघाडाचा क्रमांक दिसतो. मी यंत्र मागवले, खोचले. उत्तर आले: पी ०१७१. म्हणजे इंजिनाला मिळणाऱ्या मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी.

माझी छाती फुगली! रोग सापडला असे वाटले. धुराड्यातला सेन्सर बिघडला असणार, असा तर्क केला आणि साडेतीन हजारांचा नवा सेन्सर आणला. जुना काढताना दोन रविवार गेले, कारण तो गंजून आपल्या जागी रुतून बसला होता. नवा बसवला. दिवा पुसला. तिसऱ्या दिवशी दिवा पुन्हा हजर! मग हवा मोजणाऱ्या सेन्सरवर संशय घेतला. तोही बदलला. दिवा हटेना. मग प्लग बदलले. साप साप म्हणून भुई धोपटणे म्हणतात, ते हेच.

आणि अशातच एका रात्री शेजारच्या काकूंना छातीत कळ आली. मोटार अंगणातच तीनदा बंद पडली. शेवटी वरच्या आळीतला पिकअप आणून त्यांना न्यावे लागले. काकू बऱ्या झाल्या, आज खुटखुटीत आहेत. पण त्या रात्री गेलेली वीस मिनिटे मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी कसाबसा तालुक्याला गेलो. तिथे सत्तरीचे एक मिस्त्री आहेत; सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी यंत्र मागितले नाही की पाना. म्हणाले, "गुरुजी, इंजिन चालू ठेवा नि जरा गप्प राहा." दोन मिनिटे कान देऊन ऐकले. मग इंजिन बंद करायला लावले, आणि मागच्या बाजूचा बोटभर जाडीचा रबरी पाइप चाचपून वाकवला. खालच्या बाजूला, जिथे नजर पोचत नाही तिथे, पाइपला नखभर चीर होती. याला ब्रीदर पाइप म्हणतात. इंजिन चालू असताना तिथून हवा ओढली जात होती, आणि ती हवा मोजणाऱ्या सेन्सरला चुकवून आत जात होती. हिशेबात नसलेली हवा आत आली, म्हणून पेट्रोल कमी पडले. धुराड्यातला सेन्सर बिचारा खरे तेच सांगत होता.

उस्ताद म्हणाले, "निरोप्याने वाईट बातमी आणली म्हणून तुम्ही निरोप्यालाच हाकलून दिलात की हो गुरुजी!"

पाइपाची किंमत एकशे ऐंशी रुपये. दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला, अशी माझी गत झाली होती.

श्रोते हो, या फजितीतून मी जे शिकलो ते असे. यंत्रावर दिसणारा क्रमांक हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. ताप आला हे थर्मामीटर सांगतो. तो हिवतापाचा की टायफॉइडचा, हे सांगत नाही. तेव्हा क्रमांक मिळाला की आधी तो वहीत लिहा. दिवा केव्हा लागला, इंजिन थंड होते की गरम, उभे असताना त्रास होतो की वेगात, हेही लिहा. उभ्या गाडीत इंजिनाची ओढ सर्वांत जास्त असते, म्हणून अशी गळती तिथे जास्त जाणवते. वेगात तिचा वाटा कमी होतो. ही गोष्ट माझ्या वहीत असती, तर मी तीन वस्तू बदलल्या नसत्या. मग जे फुकटात तपासता येते ते आधी तपासा: पाइप, तारांचे जोड, बॅटरीची टोके, अर्थिंगची तार, हवेचा फिल्टर. आणि एका वेळी एकच बदल करा. शिक्षक बंधुभगिनींना हे नव्याने सांगायला नको. प्रयोगवहीत आपण मुलांना हेच तर शिकवतो. घरी आल्यावर मात्र आपणच विसरतो.

दुसरा वैताग जागेचा आणि जोडणीचा. काही मोटारींत समोरच्या दिव्याचा साधा बल्ब बदलायचा तर चाकाच्या वरचे प्लॅस्टिकचे अस्तर सोडवावे लागते, काहींत पुढचा बंपरच उतरवावा लागतो. ही अस्तरे प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर टांगलेली असतात. नवेपणी त्या लवतात, दहा वर्षांनी कट्‌कन तुटतात. म्हणून काम काढण्याआधी पाच-दहा खुंट्या जवळ आणून ठेवाव्यात. तारांचे जोड ओढताना तार धरू नये, खिटी दाबून जोड धरावा. थंडीच्या सकाळी प्लॅस्टिक कडक असते. दुपारी उन्हात मोटार ठेवून मग हात घातला, तर निम्मी मोडतोड वाचते. उतरवताना प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो घ्यावा. बसवताना एखादा स्क्रू हातात उरला, तर तोच फोटो साक्षीला येतो.

आता सावधगिरीचे चार शब्द. पिवळा दिवा स्थिर असेल, तर सहसा सावकाश घरी येता येते. पण तो उघडझाप करू लागला, तर मोटार बाजूला घ्या. न जळलेले पेट्रोल धुराड्यात जात असल्याची ती खूण असते, आणि त्याने धूर शुद्ध करणारे महागडे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून निकामी होते. नुसत्या जॅकवर उचललेल्या मोटारीखाली कधीही शिरू नका. खाली पक्के स्टँड हवेतच. एअरबॅगच्या पिवळ्या जोडांना हात लावू नका. नव्या डिझेल मोटारींत इंधनाचा दाब हजार बारच्याही पुढे असतो. त्याची बारीक चिळकांडी कातडी भेदून आत शिरते, तेव्हा गळती बोटाने चाचपू नका. विजेवर चालणाऱ्या मोटारींतील नारिंगी तारांपासून दूरच राहा. ही कामे जाणत्याकडे द्यावीत. त्यात कमीपणा काही नाही.

शेवटचा वैताग मात्र आपल्या कसबाने सुटणारा नाही. काही वेळा बिघाड नेमका सापडतो, पण उपाय आपल्या हाती नसतो. दहा रुपयांचा रबरी भाग सुटा मिळत नाही, सबंध जोडणीच घ्या म्हणतात. नवी किल्ली केली, तरी ती मोटारीच्या संगणकाला ओळख करून दिल्यावाचून इंजिन सुरू होत नाही, आणि ओळख करून देणारे यंत्र गावच्या गॅरेजात नसते.

हा प्रश्न आपल्या एकट्याचा नाही. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार-उत्पादकांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड सांगितला. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना खुलेपणाने मिळत नाहीत, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. पुढे त्या निर्णयावर अपिले झाली. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यासाठी एक पोर्टल सुरू केले. त्यात मोटारींबरोबर शेतीची अवजारेही धरली आहेत. ट्रॅक्टरवाल्यांनी हे ध्यानात ठेवावे, कारण आज मोटारीत जे शिरले आहे ते उद्या आपल्या शेतात येणार आहे.

घेतलेली वस्तू आपली, तर ती उघडून पाहण्याचा आणि दुरुस्त करण्याचा हक्कही आपला असला पाहिजे. शहरातल्या माणसाला मोटार बंद पडली तर रिक्षा मिळते. आपल्याला बावीस किलोमीटर आणि घाट आहे. म्हणून हा हक्क आपल्याला अधिक लागतो, आणि तो मागायचा तर आपल्याला मोटार थोडीतरी कळली पाहिजे.

तो फाटका पाइप मी टाकून दिला नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत तो ठेवला आहे. नववीच्या मुलांना हवेचा दाब शिकवताना मी तो वाकवून दाखवतो आणि विचारतो, "हवा बाहेर जाईल की आत येईल?" मुले आधी चुकीचे उत्तर देतात. मग वाद घालतात. मग एखादी मुलगी पाइपाला बोट लावते, ओढून पाहते आणि बरोबर उत्तर देते.

उद्या तिच्या दारात मोटार आली, तर ती साडेतीन हजारांचा सेन्सर आणण्याआधी पाइप वाकवून पाहील, असा मला भरवसा आहे.