धक्क्यावरचा तंटा आणि कायद्याचीं दोन दारें

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर हंगामाच्या दिवसांत नौकांची सारखी जा-ये चालू असते. जेथें इतकीं माणसें, इतकीं जाळीं आणि इतका पैसा एका धक्क्यावर एकत्र येतो, तेथें तंटा व्हावयाचाच. कोणाचें जाळें फाटतें, कोणाची उधारी थकते आणि शब्दाला शब्द लागून प्रकरण हातघाईवर येतें. अशा वेळीं तोंडून निघणारें पहिलें वाक्य बहुधा एकच असतें : “तुझ्यावर फिर्याद ठोकतों !” परंतु श्रोतेहो, फौजदारीचें हें दार पुष्कळदां चुकीचें असतें, आणि चुकीच्या दारावर धडका मारण्यांत ज्याची बाजू न्यायाची, त्याचाच अधिक तोटा होतो. तो कसा होतो, हें समजून घेणें प्रत्येक नाखव्याच्या व खलाशाच्या हिताचें आहे.

कायद्याचीं दारें दोन. एक फौजदारीचें. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालीं १८३७ सालीं ज्या संहितेचा मसुदा झाला, ती १८६० सालीं मंजूर होऊन १८६२ च्या जानेवारीपासून अंमलांत आली. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्यायसंहितेनें घेतली असली, तरी तिचीं मूलतत्त्वें बव्हंशीं तींच राहिलीं आहेत. दुसरें दार दिवाणीचें. दुसऱ्याच्या अपकृत्यामुळें झालेल्या नुकसानीची भरपाई तेथें मागावयाची. या अपकृत्यांचा कायदा संहितेच्या रूपानें आपल्याकडे कधीं झालाच नाहीं. सर फ्रेडरिक पोलॉक यांनीं १८८६ सालीं मसुदा करून दिला होता, परंतु तो मसुदाच राहिला. म्हणून या बाबतींत न्यायाधीशांचे निवाडे हाच मुख्य आधार. फौजदारी न्यायालय विचारतें, “या माणसाच्या मनांत काय होतें ?” दिवाणी न्यायालय विचारतें, “शहाण्या माणसानें जी काळजी घ्यावी, ती यानें घेतली होती काय ?” या दोन प्रश्नांतच सारें मर्म आहे.

आतां जाळ्याचाच दाखला घ्यावा. रात्रीं एकानें समुद्रांत जाळें सोडलें आहे. बंदराकडे परतणारी दुसऱ्याची यांत्रिक नौका त्यावरून जाते आणि जाळें फाटतें. नुकसान डोळ्यांसमोर आहे. परंतु हा गुन्हा आहे काय? संहितेंत ज्याला ‘आगळीक’ म्हटलें आहे, त्या गुन्ह्याला नुकसान करण्याचा हेतु तरी लागतो, किंवा तें होण्याचा संभव असल्याची जाणीव तरी लागते. दुसऱ्याची अंगठी मुद्दाम नदींत फेकून देणें, हा जुन्या संहितेंतीलच दाखला आहे. पूर्वींच्या वैरानें नौका जाळ्यावर घातली असेल, तर ती आगळीक. डुलकी लागल्यामुळें गेली असेल, तर आगळीक नव्हे. मात्र एवढ्यानें सुकाणूवरचा माणूस मोकळा सुटत नाहीं. हेतु नसला तरी हयगय आहे, आणि हयगयीची भरपाई दिवाणींत मागतां येते.

हयगय कोणाची, हें ठरविण्यास समुद्रावरील वाहतुकीचे नियम उपयोगीं पडतात. १९७२ सालच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें चालत्या यांत्रिक नौकेनें जाळें टाकून मासेमारी करणाऱ्या नौकेला वाट दिली पाहिजे. पण त्याच नियमांप्रमाणें अशा नौकेनें रात्रीं वर लाल व खालीं पांढरा असे दोन दिवे दाखविले पाहिजेत. ओढत्या जाळ्याच्या नौकेनें वर हिरवा व खालीं पांढरा. ज्यानें दिवाच लावला नाहीं, त्यानें दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वीं स्वतःकडेहि पाहावें. कारण दोघांचीहि हयगय ठरली, तर त्या प्रमाणांत भरपाई कमी होते. शिवाय, दुरुस्तीचा खर्च आणि जाळें नीट होईपर्यंत बुडालेला धंदा, इतकें मागणें रास्त ठरतें. सबंध हंगामाच्या कल्पित मिळकतीचा आंकडा लिहिल्यानें दावा बळकट होत नाहीं, उलट तो हास्यास्पद होतो.

दुसरा तंटा मासळीच्या थव्याचा. एकानें थवा पाहिला, जाळ्याचा वेढा घालीत आणला, आणि तोंड मिटण्याच्या आंत दुसऱ्यानें आंत शिरून मासळी उचलली. अगदीं असाच खटला इंग्लंडांत कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरून १८४४ सालीं न्यायालयापुढें आला होता. मासे आपल्या तारलीच्या कुळांतले होते, आणि वेढ्यांत सुमारें सात वांव फट राहिली होती. मासळी पहिल्याच्या कबजांत पूर्णपणें आली नव्हती, म्हणून ती त्याची झाली नाहीं, असा न्यायालयानें निर्णय दिला. तो आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीं, परंतु त्यांतील तत्त्व आपल्याकडील चोरीच्या व्याख्येशीं जुळतें. वस्तु कोणाच्या तरी कबजांत असल्यावांचून तिची चोरी होत नाहीं. मोकळ्या समुद्रांतील थवा कोणाचाच नव्हे. जाळ्यांत कोंडलेली किंवा टोपलींत पडलेली मासळी मात्र धन्याची. दुसऱ्याचें वर्तन हलकटपणाचें असेल, पण प्रत्येक हलकटपणा चोरी ठरत नाहीं.

तिसरा तंटा उधारीचा, आणि यांतच भले लोक फसतात. पैसे थकले म्हणून धनको ऋणकोच्या होडीचें यंत्र काढून आणतो आणि म्हणतो, “पैसे दे आणि घेऊन जा.” पैसे खरोखर येणें आहेत, मग यांत गैर तें काय, असें त्याला वाटतें. परंतु येणें वसूल करण्यासाठीं ऋणकोच्या कबजांतील वस्तु त्याच्या संमतीवांचून उचलणें ही चोरीच होय, असें कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानें १८९५ सालींच ठरविलें आहे. काल जो फिर्यादी व्हावयाचा, तो आज आरोपी होऊन उभा राहतो.

हीच गत हात उगारणाराची. स्वतःच्या शरीराचें व मालमत्तेचें रक्षण करण्याचा हक्क कायद्यानें प्रत्येकाला दिला आहे. जाळें कापण्यास आलेल्यास अडवितां येतें. मात्र बचावाला लागेल तेवढेंच बळ वापरावें, आणि सरकारी मदत मिळण्यास अवकाश असेल तर हा हक्क चालत नाहीं. रात्रीं जाळें कापलें म्हणून सकाळीं धक्क्यावर गांठून मारणें हा बचाव नव्हे, सूड होय. त्या मारांत हाड मोडलें किंवा दांत पडला, तर ती ‘जबर दुखापत’ ठरून सात वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. त्यावर इलाजाच्या खर्चाचा व भरपाईचा दावा निराळाच. जाळ्यापायीं घर जातें, तें असें.

तर मग करावें काय ? वेळ, ठिकाण आणि समोरच्या नौकेचा नोंदणी क्रमांक तत्काळ लिहून ठेवावा. फाटलेलें जाळें शिवण्यापूर्वीं चार त्रयस्थांना दाखवावें, त्याचीं छायाचित्रें काढावींत, आणि दुरुस्तीच्या पावत्या जपाव्यात. हेतु स्पष्ट दिसत असेल तर पोलिसांकडे अवश्य जावें. हयगयच असेल तर लेखी मागणी करावी. जंगम वस्तूच्या नुकसानीचा दावा तीन वर्षांच्या आंत लावावा लागतो. त्याहूनहि जवळची वाट लोकन्यायालयाची. १९८७ च्या विधिसेवा अधिनियमाखालीं तेथें परस्पर संमतीनें झालेला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याच्या तोडीचा असून त्यावर अपील नाहीं. न्यायालयांत भरलेलें शुल्कहि परत मिळतें.

ज्यांना उद्यां त्याच पाण्यांत शेजारीशेजारीं जाळीं टाकावयाचीं आहेत, त्यांना शेजाऱ्याला तुरुंगांत घातल्यानें नवें जाळें मिळत नाहीं. शिक्षा सरकार देतें, भरपाई शेजारी देतो. आपणांस यांपैकीं काय हवें आहे, हें रागाचा पहिला उमाळा ओसरल्यावर ज्यानें स्वतःला विचारलें, त्याला बहुधा योग्य दार आपोआप सांपडतें.