वाहनाची निगा : आपला हात आणि उस्तादाचा हात
(ट्रस्टच्या महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आजवर शिक्षण, आरोग्य, काटकसर अशा भारदस्त विषयांवर विद्वानांनी विचार मांडले. आमच्या वाट्याला आलेला विषय ऐकून काहींना हसू आले असेल. वाहनाची दुरुस्ती स्वतः करावी, की पैसे मोजून मेस्त्रीकडून करून घ्यावी, एवढाच तो प्रश्न. परंतु या सभागृहाबाहेर उभ्या असलेल्या दुचाक्या मोजल्या, तर हा प्रश्न किती जणांच्या खिशाशी आणि जिवाशी निगडित आहे हे सहज ध्यानी येईल. आम्ही पेशाने शिक्षक, यंत्रविशारद नव्हे. वाहन वापरणारा माणूस आणि गॅरेजात काम करणाऱ्या अनेक मुलांचा जुना मास्तर, या दोनच नात्यांनी आम्ही बोलणार आहोत.

एक काळ असा होता की वाहनाचा मालक हाच त्याचा पहिला मेस्त्री असे. १९७२ साली बाजारात आलेली बजाज चेतक ज्यांनी चालविली, त्यांना तो काळ आठवेल. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे, गाडी सुरू होईना तर ती एका अंगावर कलती करायची, प्लग काढून काजळी पुसायची, आणि पुन्हा किक मारायची. प्लगचा पाना डिकीत नसलेला स्कूटरवाला विरळाच. हे सर्व हौसेने होत होते असे नाही. गाडीच तशी होती, म्हणून करावे लागे.

पुढे यंत्र बदलले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले, आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार होऊन इंधन इंजेक्शन आले. पेट्रोल किती सोडायचे हे आता संवेदक आणि छोटा संगणक ठरवितो. २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक झाले. चेतक हेच नाव घेऊन २०२० साली विजेवर चालणारी स्कूटर विक्रीस आली. तिला प्लगही नाही आणि इंजिन ऑइलही नाही. तेव्हा ‘आमच्या वडिलांनी कधी गॅरेजचे तोंड पाहिले नाही’ हा दाखला आज पुरेसा नाही. वडिलांची गाडी वेगळी होती.

मग मालकाने काहीच करू नये काय? आमच्या मते कामांचे तीन वर्ग पाडावेत, म्हणजे वाद आपोआप मिटतो.

पहिला वर्ग नित्य निगेचा. टायरमधील हवा गाडी थंड असताना तपासणे, टायरच्या खाचा झिजल्या का ते पाहणे, ऑइलची पातळी बघणे, चेन पुसून तिला वंगण देणे, दिवे आणि ब्रेकचा दिवा लागतो का याची खात्री करणे. यास दहा मिनिटे पुरतात. हवा कमी असेल तर टायर तापतो, कडेने झिजतो आणि पेट्रोलही जास्त जाते. चेनचा ढिलेपणा बहुतेक साध्या मोटारसायकलींना २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास सांगितलेला असतो. नेमके माप गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत पाहावे. ढिली चेन निसटते हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु फार ताणलेली चेन बेअरिंगवर भार टाकते हे पुष्कळांना ठाऊक नसते. ही कामे मालकाचीच. ती मेस्त्रीवर सोडणे म्हणजे आपल्या मुलाचे दात घासण्यास डॉक्टरला बोलावण्यासारखे आहे.

दुसरा वर्ग ठरावीक मुदतीच्या कामांचा : ऑइल बदलणे, एअर फिल्टर, प्लग, क्लचची वायर. ज्याला आवड आहे, सवड आहे आणि योग्य हत्यारे आहेत, त्याने ही खुशाल करावीत. मात्र हिशेब पुरा मांडावा. ऑइलचा खर्च दोन्हीकडे येतोच. वाचते ती मजुरी. त्या मजुरीसमोर चांगले पाने, वायसर आणि आपला अर्धा दिवस ठेवून पाहावे. शिवाय इंजिनखालचा ऑइलचा बोल्ट जोर लावून आवळला आणि ॲल्युमिनियममधले आटे गेले, तर वाचलेली मजुरी कितीतरी पटीने बाहेर पडते. काढलेले काळे ऑइल गटारात ओतू नये; ते पाणी आणि माती दोन्ही नासविते. डब्यात भरून ते जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजात द्यावे. गाडी वॉरंटीत असेल, तर तिच्या अटी आधी वाचाव्यात.

तिसरा वर्ग जिवाशी गाठ असलेल्या कामांचा. येथे आम्ही स्पष्ट सांगतो : शिकलेला हात नसेल तर हात लावू नये. एकच उदाहरण घेऊ. डिस्क ब्रेकमधील द्रव हवेतील ओलावा हळूहळू शोषून घेतो. डॉट ४ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरलेल्या द्रवासाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. आता बेळगावहून गोव्याकडे चोर्ला घाट उतरणारा, अथवा आंबोलीवरून सावंतवाडीकडे जाणारा स्वार डोळ्यांपुढे आणा. वळणामागून वळण तो ब्रेक दाबीत जातो, ब्रेक तापतो, जुना द्रव उकळतो, नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, म्हणून दांडा मऊ लागतो आणि ब्रेक धरीत नाही. द्रव बदलताना नळीत हवा राहिली तरी परिणाम तोच. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरावे हे मालकाने शिकावे. द्रव वेळेवर बदलण्याचे काम उस्तादाकडे द्यावे. विजेच्या गाडीची बॅटरी उघडणे तर त्याहून धोक्याचे.

कोणी म्हणेल, मेस्त्री फसवितात. काही फसवीतही असतील. असे लोक कोणत्या धंद्यात नाहीत? परंतु उपाय आपल्याच हाती आहे. गाडी देताना तक्रार नीट सांगावी : आवाज कोठून येतो, थंड असताना की तापल्यावर, वेग घेताना की ब्रेक लावताना. काम सुरू करण्यापूर्वी अंदाज विचारावा, बदललेला जुना भाग परत मागावा आणि पावती घ्यावी. आपल्या वाहनाची तोंडओळख असलेल्या गिऱ्हाइकाला फसविणे कठीण असते, आणि प्रामाणिक मेस्त्रीलाही असाच गिऱ्हाईक आवडतो. निगा स्वतः करण्याचा मोठा लाभ हाच : पैसे वाचोत न वाचोत, मोजलेल्या पैशाचे मोल कळते.

आणि मोल कळले की घासाघीस कमी होते. आमचा एक माजी विद्यार्थी इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगतो. पाच मिनिटांत काम झाले म्हणून लोक त्याच्याशी मजुरीवरून हुज्जत घालतात. त्या पाच मिनिटांमागे त्याची पंधरा वर्षे आहेत, हे कोणी पाहत नाही. वकिलाच्या सल्ल्याचे पैसे आपण मुकाट्याने देतो. काळ्या हाताला मात्र ‘एवढे कसले?’ म्हणून विचारतो. ज्या बेळगावचे नाव ओतकामाने आणि उद्यमबागेतील यंत्रशाळांनी दूरवर गेले, त्या गावाला हे शोभत नाही.

शेवटी शिक्षक म्हणून एक गोष्ट. गॅरेजातील उस्ताद-शागिर्दाची परंपरा मोलाची आहे. परंतु तिच्यापायी पोराची शाळा सुटता कामा नये. १४ वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास कायद्याने मनाई आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीने ती सर्व धंद्यांना लागू झाली. घरच्या, धोक्याच्या नसलेल्या धंद्यात मुलाने शाळेनंतर हातभार लावण्याची सवलत आहे. शिवाय कालचा उस्ताद कानाने शिकला. उद्याच्या उस्तादाला विजेचा नकाशा आणि संगणकाचा पडदा वाचता आला पाहिजे. आधी शाळा, मग आयटीआय, आणि त्यानंतर उस्तादाचा हात, असा क्रम लागला तर त्याच्या मजुरीवर हुज्जत घालण्याची कोणाची छाती होणार नाही.

म्हणून विश्वस्तांना आमची नम्र सूचना आहे. दर तीन महिन्यांनी एक रविवार या आवारात वाहन-निगेचा वर्ग भरवावा. शिकविणारे आपल्याच गावचे मेस्त्री असावेत, शिकणाऱ्यांत डॉक्टर, वकील, मास्तर, गृहिणी आणि कॉलेजच्या मुली असाव्यात, आणि त्या मेस्त्रींना इतर वक्त्यांइतकेच मानधन द्यावे. आयटीआयमधील होतकरू मुलास दरवर्षी हत्यारांची एक पेटी बक्षीस द्यावी. खर्च थोडा आहे. पहिल्या पेटीचे पैसे आम्ही शाळेतील शिक्षकांनी वर्गणी काढून जमविले आहेत. ते आज सभेनंतर चिटणीसांच्या स्वाधीन करीत आहोत.