खाण मिटल्यानंतर गावाचे काय?

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून कोळशाच्या खाणींविषयी बोलावयाचे मी ठरविले, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी मला हसत विचारले, "सरस्वतीच्या मंदिरात कोळसा कशाला उगाळता?" कोळसा उगाळावा तितका काळाच, हे मला मान्य आहे. परंतु कोळसा आणि ग्रंथालय यांचे एक जुने नाते आहे आणि आजच्या विषयाचा आरंभ मला तेथूनच करावयाचा आहे.

दक्षिण वेल्समधील खाणकामगारांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आपल्या मजुरीतून थोडी थोडी वर्गणी काढून गावोगावी 'वर्कमेन्स इन्स्टिट्यूट' उभारल्या. सभागृह आणि त्याला जोडून वाचनालय असे त्यांचे स्वरूप असे. ट्रेडेगर गावच्या अशा ग्रंथालयात वाचून एक मुलगा मोठा झाला. शाळा सोडून तो लहानपणीच खाणीत उतरला होता. पुढे तो त्या ग्रंथालयाच्या समितीचा प्रमुख झाला आणि १९४८ साली ब्रिटनमध्ये सार्वजनिक आरोग्यसेवा सुरू करणारा मंत्री म्हणून जगाला माहीत झाला. त्याचे नाव अनायरिन बेव्हन. ब्रिटिश पार्लमेंटने १९२० च्या कायद्याने खणलेल्या प्रत्येक टन कोळशामागे एक पेनी खाणकामगारांच्या कल्याणनिधीसाठी बाजूला काढण्याची व्यवस्था केली. रक्कम क्षुल्लक होती, पण तिच्यामागचा विचार मोठा होता. कोळसा गावाबाहेर जातो, तेव्हा त्यातील काही अंश गावात राहिला पाहिजे, हा तो विचार.

हाच विचार अमेरिकेने १९७७ साली जमिनीच्या बाबतीत कायद्यात आणला. त्या कायद्याने काय साधले आणि काय निसटले, हे आज मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे. शेवटी आपल्या येल्लंदू आणि चंद्रपूरकडेही वळेन.

अमेरिकेच्या पूर्व भागात ॲपलेशियन पर्वतरांगा आहेत. वेस्ट व्हर्जिनिया, केंटकी, पेनसिल्व्हेनिया या राज्यांतील कोळशावर त्या देशाचे पोलादाचे कारखाने आणि आगगाड्या चालल्या. केंटकीच्या डोंगराळ भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भूगर्भातील खनिजाचे हक्क वेगळे विकत घेण्याची पद्धत पडली. शेतकऱ्याने किरकोळ रकमेला कागदावर सही केली. वरची जमीन त्याची राहिली, खालचा कोळसा दुसऱ्याचा झाला. तेव्हा कोळसा भुयारातून निघत असे, म्हणून वरच्या शेताला धक्का लागेल असे कोणास वाटले नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला प्रचंड यंत्रे आली आणि वरची माती खरवडून कोळसा काढता येऊ लागला. मग त्याच जुन्या कागदाच्या आधारे शेते, बागा, क्वचित घराजवळची दफनभूमीही उखडली जाऊ लागली. १९६५ साली नॉट परगण्यातील ऑली कोम्ब्स नावाची एक वृद्ध विधवा आपल्या घरावरच्या उतारावर आलेल्या बुलडोझरपुढे जाऊन बसली. पोलिसांनी तिला उचलून नेले आणि तुरुंगात टाकले. तिचे छायाचित्र वृत्तपत्रांत झळकले आणि डोंगरातील गाऱ्हाणे राजधानीत ऐकू गेले. तरीही त्या जुन्या कागदांचा जोर मोडणारी घटनादुरुस्ती केंटकीच्या मतदारांनी केली ती १९८८ साली.

दुसरी घटना याहून भयंकर आहे. वेस्ट व्हर्जिनियातील बफेलो क्रीक या ओढ्याच्या माथ्यावर कोळशाच्या टाकाऊ मालाचाच बांध घालून त्यामागे धुण्याचे काळे पाणी साठविले होते. २६ फेब्रुवारी १९७२ च्या सकाळी तो फुटला. अरुंद दरीतील वस्त्यांमागून वस्त्या वाहून गेल्या. १२५ माणसे मेली, सुमारे चार हजार बेघर झाली. खाणचालकांनी हा दैवी कोप असल्याचे म्हटले. माणसांनी रचलेल्या ढिगाऱ्याचे पाप देवाच्या माथी मारण्याचा हा प्रकार लोकांना सहन झाला नाही.

तरीदेखील कायदा सुखासुखी झाला नाही. काँग्रेसने संमत केलेले विधेयक राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी १९७४ आणि १९७५ असे दोनदा नाकारले. रोजगार बुडेल आणि वीज महागेल, हे त्यांचे मुख्य आक्षेप होते. अखेर ३ ऑगस्ट १९७७ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी पृष्ठभागावरील खाणकाम नियंत्रण व पुनर्वसन कायद्यावर सही केली.

या कायद्याचे दोन भाग ध्यानात घेण्यासारखे आहेत. पहिला भाग पुढच्या खाणींसाठी आहे. परवाना मागतानाच, खाण संपल्यावर जमीन पूर्ववत कशी करणार याचा आराखडा द्यावयाचा. वरची सुपीक माती वेगळी राखून ठेवावयाची आणि डोंगराचा मूळ उतार जवळजवळ तसाच परत घडवावयाचा. या सर्वांसाठी आगाऊ हमीची रक्कम गुंतवावयाची. हिरवळ रुजल्यावर पाच वर्षे, आणि कमी पावसाच्या पश्चिम भागात दहा वर्षे, जबाबदारी खाणचालकाचीच. त्यानंतरच हमी पूर्णपणे मोकळी होते.

दुसरा भाग मागच्या पापांसाठी आहे. १९७७ पूर्वी खणून टाकून दिलेल्या असंख्य खाणींचे मालक मेले होते किंवा कंपन्या बुडाल्या होते. ही दुरुस्ती कोणी करावयाची? कायद्याने चालू खाणींवर उपकर बसविला. उघड्या खाणीतील टनामागे ३५ सेंट आणि भुयारी खाणीतील टनामागे १५ सेंट. त्यातून परित्यक्त खाणभूमी निधी निर्माण झाला. प्रथम माणसाच्या जिवाला धोका असलेली ठिकाणे, म्हणजे उघडी विवरे, खचणारी जमीन, पेटते ढिगारे. त्यानंतर पाणी आणि निसर्ग, असा कामांचा क्रम लावला.

या निधीने पुष्कळ काम केले, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. हजारो विवरे बुजली आणि पुष्कळ वस्त्यांना स्वच्छ पाणी मिळाले. पूर्व केंटकीत १९९७ ते २००२ या काळात पश्चिमेकडील राज्यांतून दीड हजारांहून अधिक एल्क हरणे आणून जुन्या खाणींच्या गवताळ माथ्यांवर सोडली. ती तेथे चांगली वाढली.

पण जमीन सरळ हिशोबाने बरी होत नाही. जुन्या खाणीतील गंधकयुक्त खनिजाला हवा आणि पाणी लागले की आम्ल तयार होते आणि ओढे नारिंगी रंगाचे वाहू लागतात. खाण बंद होऊन पन्नास वर्षे लोटली तरी हे थांबत नाही. चुनखडीचे थर आणि पाणथळ तळी यांतून ते पाणी फिरवून शुद्ध करावे लागते आणि ही व्यवस्था कायम चालू ठेवावी लागते. ओहायो राज्यातील एका अभियांत्रिकी प्राध्यापकाने आणि त्यांच्या चित्रकार सहकाऱ्याने तर या गाळातील लोह वेगळे काढून त्याचे चित्रकलेचे रंग बनविले.

दुसरा अनुभव अधिक बोलका आहे. उतार घसरू नये म्हणून भरलेली माती यंत्रांनी इतकी दाबली जाई की तीत गवत येई, पण वृक्ष वाढत नसत. नियम पाळला गेला, हमीची रक्कम मोकळी झाली आणि अरण्य मात्र परतले नाही. २००४ पासून सरकारी अधिकारी आणि वनशास्त्रज्ञ यांनी मिळून दाबलेली माती पोलादी फाळांनी खोल फाडून स्थानिक वृक्ष लावण्याची पद्धत प्रचारात आणली. कायदा करून भागत नाही. तो राबविताना मातीकडून शिकत राहावे लागते, असा याचा अर्थ.

श्रोतेहो, आता मी या कायद्याच्या सर्वांत दुबळ्या बाजूकडे येतो. ती बाजू म्हणजे माणसे. वेस्ट व्हर्जिनियातील मॅकडॉवेल परगण्याची लोकसंख्या १९५० साली सुमारे ९९ हजार होती. २०२० च्या जनगणनेत ती १९ हजारांवर आली. यंत्रे आली तशी माणसे नकोशी झाली, आणि पुढे कोळसाच नकोसा झाला. तरुण निघून गेला की प्रथम शाळेची पटसंख्या घटते, मग दुकान बंद होते, मग दवाखाना. जमिनीचा उतार पूर्ववत करा असे कायदा सांगत होता, पण गावाचा संसार पूर्ववत करण्याविषयी त्यात फारसे काही नव्हते.

निधीच्या वाटपातही दोष होता. उपकराचा अर्धा हिस्सा तो ज्या राज्यातून आला त्या राज्याच्या नावे जमा होई. कालांतराने कोळशाचे मोठे उत्पादन पश्चिमेकडे वायोमिंगमध्ये सरकले, आणि जुन्या जखमा तर पूर्वेला ॲपलेशियात होत्या. त्यातच वर्षानुवर्षे निधीची मोठी शिल्लक अंदाजपत्रकात अडकून पडली. पैसा तिजोरीत होता आणि गावे ओस पडत होती.

त्या शिल्लकेतून एक अब्ज डॉलर पाच वर्षांत काढून, जमीन सुधारतानाच तेथे रोजगार उभा राहील अशा कामांना द्यावेत, असे विधेयक केंटकीचे प्रतिनिधी हॅरॉल्ड रॉजर्स यांनी २०१६ साली मांडले. ते रिपब्लिकन पक्षाचे, पण दोन्ही पक्षांतील सभासदांनी त्यांना साथ दिली. विधेयक पुढे पुन्हा पुन्हा मांडले गेले, तरी वर्षामागून वर्षे ते अडकून राहिले. त्याचे एक लहान रूप मात्र त्याच वर्षी प्रत्यक्षात आले. केंटकी, पेनसिल्व्हेनिया आणि वेस्ट व्हर्जिनिया यांना प्रत्येकी तीन कोटी डॉलर देऊन प्रयोग सुरू झाला आणि नंतर तो इतर राज्यांतही नेण्यात आला. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने पंधरा वर्षांसाठी सुमारे ११.३ अब्ज डॉलरची तरतूद मंजूर केली, आणि १९७७ पूर्वी ज्या राज्यातून जितका कोळसा निघाला त्या प्रमाणात वाटप ठरविले. वाटपातील अन्याय असा ४४ वर्षांनी दूर झाला. त्याच कायद्याने चालू खाणींवरील उपकर मात्र २२.४ आणि ९.६ सेंटवर आणला. २००८ मध्ये शिखरावर असलेले तेथील कोळशाचे उत्पादन २०२३ पर्यंत निम्म्याच्या आसपास आले होते, ही गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहावी. टनावर बसविलेला कर टन घटले की घटतो.

हमीच्या व्यवस्थेलाही एक भगदाड होते. काही मोठ्या कंपन्यांना त्यांच्या पतीवर विसंबून रोख हमीतून सूट दिली जाई. २०१५-१६ मध्ये अशा बड्या कंपन्यांनी एकामागून एक दिवाळखोरीचे अर्ज केले, तेव्हा त्या हमीचे मोल कागदाइतकेच असल्याचे दिसून आले. आपल्याकडे म्हणतात, बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी.

या सर्व इतिहासातून मला एकच गोष्ट सांगावयाची आहे. गावाच्या उत्तरायुष्याचा पैसा खाण भरभराटीत असतानाच वेगळा काढला पाहिजे, तो रोख असला पाहिजे, आणि त्या गावातील माणसे अजून गावात असतानाच तो खर्च झाला पाहिजे. पहिली अट अमेरिकेने पुष्कळ अंशी पाळली, दुसरी अर्धवट, आणि तिसरी पाळावयास तिला फार उशीर झाला.

आता घराकडे वळू. आपल्या हैदराबादचा कोळशाशी संबंध जुना आहे. १८७१ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ डॉ. किंग यांना येल्लंदूजवळ कोळसा आढळला, १८८६ मध्ये इंग्लंडात नोंदलेल्या कंपनीने त्याचे हक्क घेतले, आणि १९२० मध्ये निजामाच्या राज्यात सिंगरेणी कंपनीची रीतसर स्थापना झाली. गोदावरीच्या खोऱ्यातील हाच गोंडवनकालीन पट्टा वर उत्तरेला वर्धेच्या खोऱ्यात चंद्रपूर आणि वणीपर्यंत जातो. आपल्यापैकी अनेकांचे आप्त त्या बाजूला आहेत. पैनगंगा, वर्धा ओलांडताना आगगाडीतून दिसणारे मातीचे उंच ढिगारे आपण पाहिले आहेत.

आपल्या देशात केंद्र सरकारने २००९ साली कोळसा खाणी बंद करण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. उघड्या खाणीसाठी हेक्टरी सहा लाख आणि भुयारी खाणीसाठी एक लाख रुपये या तेव्हाच्या दराने हिशोब करून, स्वतंत्र खात्यात दरवर्षी रक्कम भरण्याचे बंधन घातले. २०२५ मध्ये ही तत्त्वे नव्याने जारी झाली. २०१५ च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली आणि खनिजाच्या स्वामित्वधनाबरोबर त्यांचाही वाटा भरावा लागू लागला. म्हणजे प्रत्येक टनामागे गावासाठी काही राखण्याचे तत्त्व आपणही स्वीकारले आहे. उरतो तो माझ्या तिसऱ्या अटीचा प्रश्न. हा पैसा रस्ते आणि इमारतींत जिरून जाणार, की खाण मिटण्याआधीच त्या गावातील मुलामुलींच्या हाती दुसरा उद्योग देणार? झरिया येथे भूमिगत आग १९१६ पासून नोंदली गेली आहे, आणि तेथील पुनर्वसनाची सर्वंकष योजना मंजूर झाली ती २००९ मध्ये. उशीर म्हणजे काय, हे समजण्यास आपल्याला अमेरिकेला जाण्याची गरज नाही.

शेवटी पुन्हा वेल्सकडे. खाणी बंद होऊ लागल्या तशी त्या कामगारांची ग्रंथालयेही मिटू लागली. पुष्कळ पुस्तके विकली गेली, काही फेकली गेली. जी वाचली त्यांतील बरीच १९७३ मध्ये स्वान्सी येथे स्थापन झालेल्या साउथ वेल्स मायनर्स लायब्ररीत एकत्र आणण्यात आली. गावे मोडली, पण गावांनी पोटाला चिमटा घेऊन घेतलेली पुस्तके तेथे आजही वाचावयास मिळतात. आपल्या पूर्वजांनीही परमुलखात, वर्गणी गोळा करून, असेच एक कपाट भरावयास घेतले होते. त्या कपाटाला शंभर वर्षे झाली. त्यात खाणींच्या गावांचे वृत्तांत, सरकारी अहवाल आणि तेथील माणसांच्या आठवणी यांनाही जागा मिळावी, एवढी माझी विनंती आहे.