शेवगा सर्वांचा



आपला कर्जत तालुका अवर्षणप्रवण. १९७२ च्या दुष्काळातील सुकडीची चव घरच्या वडीलधाऱ्यांनी तुम्हाला सांगितलीच असेल. अशा गावात ‘रस्त्याकडेला भाजी लावू, ज्याला हवी त्याने फुकट न्यावी’ असे म्हटले तर लोक हसतील. पण हे घडलेले आहे.

इंग्लंडमधील टॉडमॉर्डन या छोट्या गावात २००८ साली पॅम वॉरहर्स्ट, मेरी क्लिअर व त्यांच्या सोबत्यांनी सार्वजनिक जागांत भाजीपाला लावला. पोलीस ठाण्यासमोर मका उभा राहिला. ज्याला हवे त्याने तोडून न्यावे, हाच नियम.

तिकडे पाऊस भरपूर, हे खरे. म्हणून आपल्याच जिल्ह्याकडे पाहा. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. तरी देशी वाण जपून, वाटून त्यांनी बियाणे बँक उभारली. २०२० च्या पद्मश्री सन्मानात त्यांचे नाव आले. बी कोंडून ठेवल्याने मरते, वाटल्याने वाढते, हा त्यांच्या कामाचा धडा आहे.

आपल्याला शेवगा, हादगा, कढीपत्ता, लिंबू एवढे पुरे. शेवगा फांदीवरूनही लागतो, रुजला की थोड्या पाण्यावर तगतो. शेंगाही खाव्यात, पालाही. पाणी कुठून आणायचे? मशिदीतील वुजूचे पाणी साबणाचे नसते. शाळेच्या नळाखालीही पाणी सांडते. एक चर खणला की ते झाडापर्यंत जाईल.

खरी अडचण पहिल्या उन्हाळ्याची. शाळेला सुट्टी लागते, शेळ्या मोकळ्या असतात आणि जूनमध्ये नुसता खड्डा उरतो. म्हणून जागेची परवानगी आधी घ्यावी, काटेरी कुंपण करावे, आणि मे महिन्याची पाळी पालकांनी उचलावी.

भाजी महागली की एखादी माऊली शेजारणीकडे मागायला संकोचते. रस्त्यावरच्या झाडाला मागावे लागत नाही. तिथे देणाऱ्याचा हात वर नसतो, घेणाऱ्याची मान खाली नसते.

लावलेल्या झाडाचे माणसाने, पाखराने वा जनावराने खाल्ले तरी तो लावणाऱ्याचा सदका ठरतो, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. विद्यार्थी मित्रांनो, या पावसाळ्यात प्रत्येक वर्गाने एक फांदी रोवावी. आणि पालकहो, ती पुढच्या जूनमध्ये हिरवी दिसेल, याची हमी तुम्ही द्यावी.