सालदारी आणि गुत्ता

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. परंतु यवतमाळ जिल्ह्यातील सुशिक्षित कुटुंबांत तिचा क्रम केव्हाच उलटला. कोरडवाहू कापसाचे पीक पावसाच्या लहरीवर, आणि त्याचा भाव बाजाराच्या लहरीवर. या दुहेरी अनिश्चिततेत वाढलेल्या आईबापांनी मुलांस शिकविले, ते महिन्याच्या महिन्यास हमखास पगार यावा म्हणूनच. दारव्हा, पुसद, वणीची मुले अभियंते होऊन नागपूरच्या मिहानमध्ये किंवा पुण्याच्या हिंजवडीत संगणकाच्या नोकरीस लागली, तेव्हा घराने सुटकेचा निःश्वास टाकला. आता त्यांपैकीच एखादा म्हणू लागतो, ‘नोकरी सोडतो, स्वतंत्रपणे कामे घेतो, आणि ती यवतमाळात बसूनच करतो.’ ज्या अनिश्चिततेतून आपण मोठ्या कष्टाने बाहेर पडलो, तिच्यातच हा पुन्हा पाय घालतो आहे, असे घरास वाटते. ही भीती खोटी नाही. आज तिचाच थोडा विचार करू.

वस्तुतः हा भेद आपल्या शेतशिवारास नवा नाही. गुढीपाडव्यास सालदार ठरतो. वर्षभराचा मोबदला बोलून घेतला जातो, आणि मग ऊन असो वा पाऊस, धन्याचे काम हेच त्याचे काम. उलट एखादी टोळी निंदणीचे किंवा कापणीचे काम एकराप्रमाणे गुत्त्याने घेते. काम झाले, हिशेब झाला, टोळी मोकळी. सालदारास पोटाची शाश्वती असते, पण वेळ त्याचा नसतो. गुत्तेदारास वेळेची मोकळीक असते, पण पुढच्या कामाचा शोध त्यालाच घ्यावा लागतो. संगणकाच्या धंद्यातही हेच दोन मार्ग आहेत. एक सोडून दुसरा धरणाऱ्याने प्रथम आपल्या दिवसाचा भाव नीट काढावा.

समजा, एका गृहस्थास दरमहा 60,000 रुपये वेतन आहे. तो म्हणतो, दिवसाचे 2,000 पडतात. मी 3,000 मागेन, म्हणजे फायदाच. हा हिशेब फसवा आहे. वर्षाच्या 365 दिवसांतून शनिवार-रविवारचे 104 वजा जाता 261 उरतात. सणवार, आजारपण, लग्नकार्ये यांचे 26 गेले, राहिले 235. नवे काम शोधणे, अंदाजपत्रके करणे, बिलांचा तगादा लावणे यांत 60 दिवस तरी जातील. त्यांचे पैसे कोणी देत नाही. विकावयास उरले 175 दिवस. आता दुसरी बाजू पाहा. वर्षाचे वेतन 7,20,000. शिवाय भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा, ग्रॅच्युइटी, आजारपणाचा विमा, संगणक, वीज यांचा भार यापुढे स्वतःवर. तो धरून 9,00,000 ची गरज मानली, तर दिवसाचा भाव 5,000 रुपयांच्या वर जातो. इतका भाव देणारी गिऱ्हाईके नसतील, तर स्वातंत्र्याच्या नावाखाली तो वेतनातच घट करून घेत आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. बढती डावलली गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु नोकरीत असतानाच त्यांनी बंधू रामुअण्णांसह बेळगावास सायकलींच्या दुकानाचा पाया घातला होता, हे आपण विसरतो. तरीही मार्ग सुकर झाला नाही. लोखंडाने जमीन बिघडते अशी समजूत असल्याने त्यांचे पहिले नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली. पुढे बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या बांधकामाच्या मक्त्याने त्यांस आधार दिला, आणि 1910 साली कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. मानी स्वभावाने राजीनामा दिला हे खरे. पण पुढची वाट पाहण्याचे बळ मिळाले ते दुकानाने आणि मक्त्याने.

वाट पाहणे हाच या व्यवसायाचा सर्वांत जड भाग होय. काम संपले तरी पैसे हाती येण्यास महिने लागतात. याकरिता 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याचा आधार आहे. उद्यम नोंदणी केलेल्या लहान व्यावसायिकाचे पैसे, काम स्वीकारल्यापासून फार तर 45 दिवसांत चुकते करणे खरेदीदारास बंधनकारक आहे. विलंब झाल्यास चक्रवाढ व्याज द्यावे लागते. मात्र कामाची व्याप्ती, दर आणि मुदत कागदावर नसतील, तर कायद्याचा आधार घेणेही अवघड होते. घरासाठी कर्ज काढावयाचे असेल, तर पगाराची पावती हाती असतानाच त्याचा विचार करावा. स्वतंत्र व्यावसायिकाकडे बँका बहुधा मागील दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे मागतात.

आणखी एक सावधगिरी. काही ठिकाणी माणूस तोच, खुर्ची तीच, वेळही तीच ठेवून त्यास केवळ ‘कंत्राटी’ असे नाव देतात. निधी बंद, रजा बंद, आणि दुसऱ्याचे काम घेण्यास मनाई. अशा माणसाच्या वाट्यास सालदाराचे बंधन येते आणि गुत्तेदाराची अनिश्चितताही येते. करारावर सही करण्यापूर्वी एवढेच विचारावे: मला दुसरे गिऱ्हाईक धरता येईल काय? उत्तर नकारार्थी असेल, तर ते स्वातंत्र्य नव्हे.

मग नोकरी सोडूच नये काय? तसे नाही. निदान दोन गिऱ्हाईके हाती असावीत, आणि एका वर्षाचा घरखर्च बाजूस असावा. मग अवश्य सोडावी. हे दुसरे शास्त्र तर यवतमाळच्या शेतकरी घरातील गृहिणींस कोणी शिकवावयास नको. दिवाळीच्या सुमारास कापसाच्या वेचणीचे पैसे एकदम हाती येत, आणि ते पुढच्या हंगामापर्यंत पुरवावे लागत. ज्वारी संपत आली तरी बियाण्याच्या कणगीस हात लावावयाचा नाही, हा त्यांचा नेम असे. नोकरी सोडू पाहणाऱ्या मुलाने आपला हिशेब प्रथम घरच्या या वडीलधाऱ्या स्त्रियांपुढे मांडावा. त्यांच्या शंकांस तोंड देऊन जो हिशेब टिकेल, तो बाजारातही टिकण्याचा संभव अधिक.