दाखला आधी, रडणे मग



मी सातवी शिकलेली बाई. घडले तेच सांगते. राजुऱ्याहून कामावरून परतताना ह्यांची जीप उलटली, पाय मोडला. प्लास्टर घातले, पण रजेसाठी डॉक्टरांचा दाखला मागायचे सुचलेच नाही. दोन महिन्यांचा पगार बुडाला, माझ्या पाटल्या गहाण पडल्या. विम्याचे कार्ड मात्र ट्रंकेत पडून होते!

कर्मचारी राज्य विमा असलेल्या कामगाराचा कामावर जाता-येताना झालेला अपघात २०१० च्या दुरुस्तीपासून कामाचाच धरतात. विम्याच्या डॉक्टरांचा दाखला असला, तर मजुरीच्या ९० टक्के रक्कम मिळते.

म्हणून पहिल्याच दिवशी दाखला मागा. तारीख, सही, शिक्का पाहा. मुदत संपण्याआधी पुढचा घ्या. कामावर लेखी कळवा.